एकच पट्टी

व्हर्लन टॅकेटला कॅपो हवाय, म्हणाली त्याची बायको,
आणि मला लेथ बंद करून हसावं लागलं.
पेडल स्टीलला कॅपो?
म्हणजे घसरगुंडीला पायऱ्या.

त्या वाद्याचं सगळं पोट घसरण्यावर चालतं.
दहा तारा, पायाखाली पेडल, गुडघ्याशी लिव्हर,
आणि डाव्या हातात लोखंडी गुळगुळीत बार,
जो तारांना दाबत नाही, नुसता टेकतो
आणि सरकतो.
बार म्हणजे चालता कॅपो.
थांबलेला कुणाला हवाय?

मग तिनं सांगितलं.
एप्रिलमधला मंगळवार, न्याहारीची वेळ,
हातातून कॉफीचा मग पडला.
मग शाबूत राहिला. हात गेला.

ज्या मींडेसाठी बाकीचे वादक
हिवाळेच्या हिवाळे घासत बसायचे
ती त्याच्या डाव्या हातचा मळ होती.
आता तो हात मांडीवर,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
पाय तेवढा वाचला, लंगडा, पण पेडलपुरता.

पहिला कॅपो पितळेचा. दोन स्क्रू, मध्ये रबर.
आवळला, त्यानं पेडल दाबलं,
तार वर गेली ती नको तितकी
आणि परतली ती घरी नाही, शेजारच्यांकडे.
व्हर्लन काही बोलला नाही.
उजव्या हाताच्या नख्या काढून
त्यानं त्या ओळीनं टेबलावर मांडल्या.

दुसरा करायला तीन आठवडे लागले.
पंपांचे व्हॉल्व्ह तुंबले,
फोरमन हॉलिस दोनदा येऊन खोकून गेला.
दहा छोटी चाकं, प्रत्येकीला आपापली खाच,
कारण चौथी आणि आठवी दोन्ही ई,
पण जाडीनं लेक आणि आई.
तार धरायची, पण तिला सरकू द्यायचं.
एवढं एक वाक्य पितळेला समजावायला
माझ्या डोळ्यांचा नंबर वाढला.

तिसऱ्या पडद्याशी बसवला.
मोकळ्या तारा: जी.
दोन पेडल खाली: सी.
पेडल सोडून गुडघ्यानं लिव्हर ढकलली: डी.
तो म्हणाला, तीन घरं झाली,
वॉल्ट्झला आणखी किती लागतात?

शनिवारी माजी सैनिकांचा हॉल.
पोटो गावात त्या रात्री दुसरं काहीच नव्हतं,
म्हणून सगळे होते.
आयव्हा जीन तीस वर्षं ए मध्ये गात आली,
माइकशी वाकून म्हणाली, आज मी खाली उतरते,
आणि उतरली, तळघराची पायरी चाचपावी तशी.

त्यानं वाजवलं.
पेडलवर सूर चढायचा, तेव्हा जुनाच व्हर्लन.
पण एका कॉर्डहून दुसऱ्या कॉर्डला जाताना
जिथं पूर्वी तो सगळा हॉल ओढून न्यायचा
तिथं आता काही नव्हतं.
कोरी जागा, वीतभर.
मी ती मनातल्या मनात भरत होते.
इतरही भरत असतील.
पलीकडच्या टेबलावर दोघं तळलेला मासा खात होते,
त्यांना काहीच कमी पडलं नाही.

चौथ्या गाण्यानंतर आयव्हा जीनचा घसा
खालच्या सुरांना कंटाळला.
व्हर्लननं माझ्याकडे पाहिलं.
पाचव्यावर नेशील?

मी स्टेजवर गेले, पाना खिशात होताच.
ड्रमवाल्यानं खेचराचा तो जुना विनोद सुरू केला.
दोन स्क्रू सैल केले, ढकलला, आवळला,
तारा एकेक करून तपासल्या,
विनोद संपला, कुणी हसलं नाही,
मी अजून आवळतेच आहे.

जी पासून ए पर्यंत.
दोन पडदे, पाऊण मिनिट.
माझ्या आयुष्यातली पहिली मींड.